पाचवी गोळी

आमचे हे बंदुका दुरुस्त करतात. एवढं ऐकलं की माणसं दोन पावलं मागे सरकतात, आणि ह्यांना समोर पाहिलं की चार पावलं पुढे येऊन मला हळूच विचारतात, "खरंच?" कारण ध्यान कसं आहे म्हणाल, तर काडीपहिलवान, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि घरात झुरळ निघालं की पलंगावर सगळ्यांत आधी चढणार ते हेच. झुरळ मी मारते.

रायफल क्लबात ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. क्लबाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. एक खिडकी, एक टेबल, टेबलाला बसवलेला, वस्तू घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, भिंतीवर मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं टांगलेल्या कानशी, आणि कोपऱ्यात कुलूपबंद लोखंडी कपाट. त्या खोलीत हे बावीस वर्षं बसलेत. मीही त्याच क्लबात कामाला आहे. निशाणाचे कागद लावायचे, गोळ्या मारून झाल्या की काढून आणायचे, भोकं मोजायची, गुण लिहायचे. म्हणजे रायफल बिघडली असेल तर ती ह्यांच्याकडे जाते, आणि माणूस बिघडला असेल तर ते आधी मला कळतं.

ह्यांचं एक व्रत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रायफल नेमाला बसत नाही म्हणून कुणी घेऊन आलं की त्याला वाटतं, दोन स्क्रू आवळतील, नळी पुसतील, गोळ्यांचा डबा बदलून बघतील, चला घरी. छे! हे आधी फक्त दुर्बिणीचा स्क्रू आवळणार. मग पाच गोळ्या मारून बघणार. मग वहीत नोंद. मग फक्त नळी पुसणार, परत पाच गोळ्या, परत वही. "तीन गोष्टी एकदम केल्या आणि सुधारली, तर कशानं सुधारली हे कसं कळणार?" हा ह्यांचा सवाल. अहो, पण कळायचंय कुणाला? सुधारली ना! असं मी म्हटलं की हे चष्म्यावरून माझ्याकडे अशा दयेनं बघतात की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

क्लबापुरतं असतं तर मी दात-ओठ खाऊन गप्प बसले असते. पण ते घरातही. एकदा चहा बेचव झाला. मी साखर घालायला गेले तर म्हणे थांब, आधी तेवढ्याच साखरेत पाणी कमी करून बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ओट्यावर चार कप ओळीत, प्रत्येकाखाली चिठ्ठी, आणि हे पहिल्या कपाचा घोट तोंडात फिरवत डोळे मिटून उभे. मी चारही कप मोरीत ओतले. ह्यांनी वहीत काय लिहिलं माहितीय? "प्रयोग अपूर्ण. कारण: ही."

आम्हाला एकच मुलगी. वय तेवीस, घरातलं नाव छकुली. आता तेवीस वर्षांच्या घोडीला छकुली म्हणावं का, तर घरात म्हणावं. हे भर रेंजवर, दहा-बारा नेमबाजांच्या देखत, "छकुली, श्वास सोड!" असं ओरडतात. पोर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होते. पण हात मात्र तिचा असा की बोलायची सोय नाही. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा रायफल धरली तेव्हापासून तिचे कागद मीच मोजते आहे. आई म्हणून सांगत नाही, मोजणारी म्हणून सांगते.

ती नोकरीला होती एका मोठ्या दवाखान्यात. काम काय, तर सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत बाकावरच्या लोकांचे नंबर पुकारायचे. तीन वर्षं ते करून पोरगी कोमेजून गेली होती. घरी आली की ताटावर बसून नुसती भिंतीकडे बघायची. एकदा दुपारी डुलकी लागली असताना झोपेत "पुढचे या" म्हणाली. मी हसले, आणि मग आतल्या खोलीत जाऊन रडले.

आणि अशात क्लबात शिकवणाऱ्याची जागा निघाली. ही जागा काही दरवर्षी निघत नाही. आधीचे गुरुजी एकोणीस वर्षं चिकटून होते, नवीन येईल तोही तेवढाच चिकटणार. म्हणजे आत्ता नाही तर छकुली चाळिशीपर्यंत नंबर पुकारणार, हे आम्हा तिघांना न बोलता कळलं होतं. चाचणी अशी, की क्लबाचीच सेमी-ऑटोमॅटिक रायफल, पन्नास मीटरवर निशाण, पालथं पडून नेम. पाच-पाच गोळ्यांच्या आठ मालिका, प्रत्येकीला दोन मिनिटं. चारशेपैकी तीनशे साठ गुण हवेत. परीक्षक बाहेरचे. छकुलीनं दवाखान्यातून दहा दिवसांची रजा काढली.

पहिल्याच दिवशी रायफलीनं रंग दाखवला.

ज्यांनी ही वस्तू कधी हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे घोडा दर वेळी आपणच ओढायचा, पण त्यानंतरची उठाठेव रायफल स्वतः करते. गोळी सुटली की आतला लोखंडी ठोकळा धक्क्यानं मागे जातो, जाताना एका बारक्या हुकानं रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो, आणि येताना खालच्या डबीतून, म्हणजे मॅगझिनमधून, नवी गोळी आत ढकलतो. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळं होतं. व्हायला पाहिजे. ही रायफल पहिल्या तीन पुंगळ्या खणखणीत फेकायची, आणि चौथी निम्मी आत, निम्मी बाहेर, धुराड्यासारखी उभी अडकून बसायची. मग पाचवी गोळी आत जाणार कशी? त्यात आणखी, पाचवी गेलीच तर ती भलतीकडेच लागायची. चार भोकं शर्टाच्या बटणाखाली झाकतील अशी, आणि पाचवं खाली उजवीकडे, रुसून बसल्यासारखं.

"दोन दोष आहेत," हे म्हणाले. चेहरा असा खुलला की लॉटरी लागली! "एक चालण्याचा, एक नेमाचा. आधी चालण्याचा बघू. एका वेळी..."

"एकच," मी आणि छकुली एकदम म्हणालो.

झालं. वही निघाली. पहिल्या दिवशी गोळी जिथे बसते ती जागा काजळीनं भरलीय का बघितली. होती, साफ केली. पाच गोळ्या. अडकली. दुसऱ्या दिवशी तेल जास्त झालंय म्हणून सगळं तेल पुसून थेंबभर घातलं. पाच गोळ्या. अडकली. तिसऱ्या दिवशी गोळ्याच मिळमिळीत असतील, ठोकळ्याला पुरेसा मागे ढकलत नसतील, म्हणून जरा जोराच्या गोळ्या आणल्या. त्यांनी थोडा फरक पडला, पण पुंगळी अडकलीच. मॅगझिनचे ओठ, म्हणजे वरच्या कडा, वाकलेत का ते बघितलं. नव्हते वाकले. वाकले नाहीत म्हणून हे नाराज.

आणि हे सगळं चालू असताना हे बसायचे कुठे? पोरीच्या पाठीमागे, तीन फुटांवर, गुडघे टेकून. ती पालथी पडलेली, डोळा दुर्बिणीला, आणि मागे हे. पहिली गोळी, हे शांत. दुसरी, शांत. तिसरी सुटली की ह्यांचा गुडघा कट्‌कन वाजायचा. चौथी सुटली की हे एवढे पुढे झुकायचे की ह्यांचा श्वास तिच्या मानेवर. आणि पुंगळी अडकली रे अडकली की, "थांब! हात लावू नकोस! मला बघू दे कशी अडकलीय!" आणि लगेच रायफल तिच्या हातातून ह्यांच्या हातात. मग भिंग, मग टॉर्च, मग वही. अर्धा तास. पोर तशीच सतरंजीवर पालथी, हनुवटी हातावर टेकून वाट बघत बसलेली.

क्लबाचे सेक्रेटरी एकदा आले, बघून म्हणाले, "मिस्त्री, चार दिवसांत पोरीनं सराव किती केला हो?"

"साठ गोळ्या," हे म्हणाले.

"आणि तुम्ही लिहिलं किती?"

"अठ्ठावीस पानं."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला आणि निघून गेले. मला ती माणसं आवडतात ज्यांना कधी निघून जायचं ते कळतं.

नेमाच्या दोषाचीही तीच तऱ्हा. दुर्बिणीचा पाया ढिला होता, एक स्क्रू पाव फेरा फिरला. तो आवळल्यावर चार भोकं आणखी जवळ आली, पण पाचवं आपलं तिकडेच. नळी लाकडाला कुठे टेकतेय का म्हणून ह्यांनी दोन्हींच्या मधून कागदाची पट्टी ओढून बघितली, ती लोण्यातून जावी तशी गेली. नळीच्या तोंडाला कुठे टवका आहे का म्हणून त्यावरून कापूस फिरवला, एक तंतू अडकला नाही. मग स्वतः वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून पाच गोळ्या मारल्या. पाचही एका भोकात म्हणाव्यात अशा. "रायफल तर बरोबर मारतेय," हे म्हणाले, आणि डोकं खाजवत परत तिलाच उघडायला बसले!

पाचव्या दिवशी ह्यांना साक्षात्कार झाला की ठोकळ्यामागची स्प्रिंग दमलीय. तशी स्प्रिंग शेजारच्या शहरात एका म्हाताऱ्या कारागिराकडे मिळते. हे सकाळच्या गाडीनं गेले. जाताना मला बजावून गेले, "मी येईपर्यंत काही बदलू नका."

आम्ही काही बदललं नाही. देवाशपथ सांगते, जुनीच स्प्रिंग, त्याच गोळ्या, तेवढंच थेंबभर तेल. छकुली सतरंजीवर पडली आणि एकामागून एक मालिका मारत गेली. मधे एकदा पुंगळी अडकलीच. तिनं ठोकळा मागे ओढला, रायफल जराशी कलती केली, नखानं टिचकी मारली, पुंगळी खाली पडली, आणि पाचवी गोळी मारली. मी कागद आणायला गेले आणि तिथेच उभी राहिले. पाच भोकं. बटणाखाली. पुढचा कागद, पाच. त्याच्या पुढचा, पाच. पाचवं भोक कुठेही रुसून बसलेलं नाही.

मला सगळं कळलं. आणि कळलं म्हणूनच मी ते कागद घडी घालून पिठाच्या डब्यामागे लपवले. कारण बायकोनं नवऱ्याला काय काय सांगावं याला काही मर्यादा आहे का नाही? तुमची नाडी लोंबतेय, तुमचा शर्ट उलटा आहे, हे सांगता येतं. पण अहो, तुमच्या अडकलेल्या रायफलीतला दोष तुम्हीच आहात, हे कसं सांगायचं? दोन दिवस मी ताकास तूर लागू दिली नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. ह्यांनी ते नोंदवून ठेवलं.

नवी स्प्रिंग आली, बसली, आणि अडकणं जवळजवळ थांबलं. हे खूश. पण आता हे मागे बसले की पाचवं भोक पुन्हा खाली उजवीकडे. चाचणी दोन दिवसांवर आली. हे आता नळीच बदलायचं म्हणायला लागले. नळी! मुलीचा जीव टांगणीला लागलाय आणि हे रायफलीचा कणा काढून नवा बसवणार. मग माझा संयम संपला.

नवशिक्यांना शिकवायला क्लबात खोट्या गोळ्या असतात. दिसायला हुबेहूब, पण आत दारू नाही. त्यातली एक मी घेतली आणि छकुलीला न सांगता तिच्या मॅगझिनमध्ये पाचव्या जागी घातली. हे मागे तीन फुटांवर, गुडघे टेकून. मी बाजूला, हातात कागद. पहिली गोळी. दुसरी. तिसरी, कट्. चौथी, हे झुकले. आणि पाचवीला छकुलीनं घोडा ओढला. टक्. आवाज नाही, धक्का नाही, काहीच नाही. पण रायफलीचं तोंड चांगलं चार बोटं खाली उजवीकडे गचकलं, आपोआप.

 रायफलीनं तर काहीच केलं नव्हतं. गचका पोरीच्या खांद्यानं दिला होता.

ह्यांनी खोटी गोळी काढली, उलटसुलट करून बघितली आणि एका क्षणात समजले. कारागीर आहेत, गाढव नाहीत. फक्त अर्धंच समजले. "छकुली," हे म्हणाले, "अगं, तू पाचवीला दचकतेस! या रायफलीला धक्का तो केवढा? शिंकेएवढा. त्याला घाबरतेस?"

ती उठून बसली. डोळे भरलेले. "धक्क्याला नाही बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला."

मला वाटलं जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. हे खोटी गोळी बोटांत फिरवत बसले.

"चौथी सुटली की तुम्ही येता," ती म्हणाली, आणि आता तिला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. "अडकली तर हिसकावून घेता. नाही अडकली तर अडकेल म्हणून वर लोंबता. मी नेम धरायचा का तुमची वाट बघायची? नऊ वर्षं मी पाचवी गोळी तुमच्यासाठी मारतेय!"

मग मी घरी जाऊन पिठाच्या डब्यामागचे कागद घेऊन आले. ह्यांच्या हातात दिले. तारीख बघून ह्यांनी मान हलवली. कागदांना पीठ लागलं होतं, ते झटकलं. एकेक कागद उजेडात धरला, मोजपट्टीनं मोजला. मी वाट बघत होते की आता चिडतील, ओरडतील, मी का लपवलं म्हणून माझ्यावर घसरतील. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"एका नोंदीनं काही सिद्ध होत नाही," हे म्हणाले.  "तपासायला पाहिजे. बाकी सगळं तेच ठेवून."

आणि दुसऱ्या दिवशी, चाचणीला एक दिवस असताना, माझ्या नवऱ्यानं स्वतःला तपासलं. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं मानते. वहीत नवं पान. "मी: तीन फूट." पाच गोळ्या. पाचवी भलतीकडे. "मी: दहा फूट, उभा." तेच, पण जरा जवळ. "मी: दहा फूट, पाठ फिरवून." जरा आणखी जवळ, पण ह्यांना राहवेना, चौथीला वळून बघितलं, तेवढी मालिका रद्द. "मी: खांबामागे." मग "मी: दाराबाहेर." दाराबाहेरून हे ओरडले, "छकुली, श्वास..." आणि मी जाऊन ह्यांच्या तोंडावर हात ठेवला. ती मालिकाही रद्द. "मी: फाटकापाशी." फाटक दीडशे पावलांवर आहे. मी कागद घेऊन पळत गेले, धापा टाकत. पाच भोकं, बटणाखाली. हे बघत राहिले. म्हणाले, "अजून एकदा." परत तेच. "अजून एकदा." परत तेच.

फाटकाच्या कठड्यावर वही ठेवून ह्यांनी लिहिलं. मी मान लांब करून वाचलं. "दोष सापडला. रायफल ठीक. नेमबाज ठीक." पुढे थोडा वेळ पेन नुसतं धरून ठेवलं आणि मग लिहिलं, "मी दूर." वाचून मला हसू फुटलं आणि हसता हसता मी डोळे पुसले. बावीस वर्षं या माणसाच्या वहीवर मी जळत आले, पण स्वतःविरुद्धही खोटं न लिहिणारा माणूस आहे हो तो!

चाचणीच्या दिवशी नातेवाइकांना आत मज्जाव होता, म्हणून कागद लावायला दुसरा माणूस आला आणि मीही बाहेर. ह्यांना मात्र हजर राहणं भाग होतं. नियमच आहे तसा. रायफल अडली तर उमेदवारानं हात वर करायचा, घड्याळ थांबतं आणि मिस्त्रीला आत बोलावतात. आम्ही दोघं पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसलो. हत्यारांची पेटी ह्यांच्या मांडीवर, दोन्ही हात पेटीवर. दोन उमेदवार झाले. एकाचे तीनशे बेचाळीस, दुसऱ्याचे तीनशे एकोणसाठ. तो दुसरा बाहेर येऊन रडला बिचारा.

मग छकुली.

आतून फक्त आवाज येतात. हे बोटांवर मोजत होते. पाच. थांबा. पाच. थांबा. तिसरी, चौथी, पाचवी मालिका, सगळ्या पाच-पाच. माझी पाचावर धारण बसलेली, पण तोंडानं मी ह्यांना "पाय हलवू नका, बाक हलतोय" असं दटावत होते. सहावी मालिका सुरू झाली. एक. दोन. तीन. चार.

आणि पुढे काही नाही.

हे ताडकन उभे राहिले. पेटी हातात. "अडकली," हे म्हणाले. "चौथी अडकली." दाराकडे बघत राहिले, कधी उघडतंय, कधी कुणी म्हणतंय, मिस्त्री, या. ओठ हलत होते. सेकंद मोजत होते. मला ह्यांची ती नजर आयुष्यात विसरता येणार नाही. भीती तर होतीच, पण मला खरं वाटतं ते सांगते, थोडी आशाही होती. मी ह्यांच्या शर्टाचं टोक धरलं. हे दोन पावलं गेले, शर्ट ताणला गेला. "अहो," मी म्हटलं, "बोलावू द्या." 

दार उघडलं नाही. आत गोळी सुटली. पाचवी.

हे बाकावर मटकन बसले. पेटी खाली ठेवली. पुढच्या दोन मालिका ह्यांनी मोजल्याच नाहीत, मीच मोजल्या.

तीनशे सहासष्ट. सेक्रेटरींनी स्वतः दारात येऊन सांगितलं.  छकुली सगळ्यांत शेवटी आली, खांद्यावर रायफल, केस कपाळाला चिकटलेले. मी तिला घट्ट धरलं. माझ्या खांद्यावरून ती ह्यांच्याकडे बघत होती.

"मला बोलावलं का नाहीस?" ह्यांनी विचारलं. रागानं नाही. "मी बाहेरच होतो. पेटी घेऊन."

"माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही आला असता तर रायफल उघडून बसला असता."

ह्यांनी मान डोलावली. खोटं थोडंच होतं ते? चष्मा काढून पुसायला लागले, आणि चष्मा स्वच्छ झाला तरी पुसतच राहिले. गाल ओले झाले होते आणि ते लपवायचं ह्यांना सुचलं नाही. मला इतकी माया दाटून आली की मी ह्यांच्यावर ओरडले, "अहो, भिंग झिजेल!"

छकुलीनं खिशातून एक पुंगळी काढली आणि ह्यांच्या तळहातावर ठेवली. "अडकलेली हीच," ती म्हणाली. "स्प्रिंग नवी, तेल बरोबर, गोळ्या जोराच्या. तरी अडकली. काय असेल?"

ह्यांनी चष्मा लावला. पुंगळीची कड उजेडाकडे धरली, नखानं चाचपली, परत धरली. 

"हूक घसरतोय," शेवटी म्हणाले. "कडेला नुसता ओरखडा आहे, पकड नाही. धार गेलीय. खाली एकच गोळी उरली की तिचा आधार कमी पडतो, आणि मग पुंगळी सुटते. पहिल्याच दिवशी बघायला पाहिजे होतं." पुंगळी खिशात टाकली. "तो हूक सहा वर्षांपूर्वी मी माझ्या हातानं केलेला आहे. म्हणून मी तो सोडून सगळं बदलत बसलो."

"मग आता नवा करा," छकुली म्हणाली. "याच रायफलीवर मला शिकवायचंय. कधी मिळेल?"

आता एक सांगते. ह्यांनी आजवर कुणालाही कामाचा वार दिलेला नाही. सेक्रेटरींना नाही, अध्यक्षांना नाही, लग्नाआधी माझ्या वडिलांनाही नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर, झालं की सांगतो.

"शुक्रवारी," हे म्हणाले. "संध्याकाळी पाचला देतो."

"पाचला माझा पहिला वर्ग आहे," ती म्हणाली. "चारला द्या."

"चारला," हे म्हणाले, आणि तिथेच टाकीजवळ खाली बसून पेटीतली बारीक कानस शोधायला लागले.